निळ्या माशाला सोबती हवेत

"वैजयंती, लवकर ये! आज दुसरा गेला!"

रविवारची सकाळ होती. मी कणीक मळत होते. आईंची, म्हणजे सासूबाईंची, हाक ऐकून तशीच धावले. त्या माशांच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. तेवीस वर्षं शाळेत घालवलेल्या बाईंना हाक मारायला कष्ट पडत नसत. आमची अर्धी गल्ली जागी झाली असणार.

पाण्यावर एक गोल्डफिश आडवा तरंगत होता. शेपूट जवळजवळ नव्हतीच. आणि टाकीच्या मधोमध, काही झालंच नाही अशा थाटात, तो निळा मासा फेऱ्या मारत होता.

"मी बघितलं," आई म्हणाल्या. "त्यानं आधी कोपऱ्यात घेतलं. मग मागून. परत मागून. सुटू दिलंच नाही."

ही सत्त्याण्णव सालातली जालन्याची गोष्ट. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. उन्मेषनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोठ्या हौसेनं चार फुटी टाकी आणली, तीत दिसतील ते रंगीत मासे आणून सोडले आणि महिन्याभरात बढती घेऊन चंद्रपूरला रुजू झाला. मागे राहिल्या आम्ही दोघी आणि ही टाकी.

आम्हा दोघींत भांडण नव्हतं. पण बोलणंही नव्हतं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. सकाळी "येते" आणि संध्याकाळी "आले", मधे भाजी कुठली, दूध घेतलं का, एवढंच. त्यातून सगळं ठरूनही गेलं होतं. दिवाळीनंतर मी राजीनामा देऊन चंद्रपूरला जायचं, आईंनी परभणीला नणंदेकडे राहायचं, घराला कुलूप. उन्मेषनं फोनवर सांगितलं, आम्ही दोघींनी "बरं" म्हटलं.

त्या सकाळी मी त्याला फोन लावला.

"अहो, तुमच्या निळ्या माशानं आज दुसरा गोल्डफिश मारला."

"तो आफ्रिकेतला सिक्लिड आहे. तापटच असतो," उन्मेष म्हणाला. "एक काम कर, दुकानात परत देऊन टाक. नाहीतरी दिवाळीला टाकी काढायचीच आहे."

मी ते आईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"परत द्यायचा? का? मारकुटा आहे म्हणून?" त्या म्हणाल्या. "माझ्या शाळेत एकाहून एक मारकुटे आले. मी एकाच्याही हातात दाखला दिला नाही. मारतो तर का मारतो ते आधी बघायचं. दुकान कुठंय ते?"

"औरंगाबादला."

"मग आवर. साडेदहाची बस मिळेल."

आम्ही दोघी पहिल्यांदाच एकत्र कुठंतरी निघालो होतो, तेही माशाची तक्रार घेऊन.

दुकान रशीदभाईंचं. अरुंद, लांबट, दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत टाक्या. रशीदभाई पन्नाशीचे, हातातली जाळी खाली न ठेवता बोलणारे. मी सगळं सांगितलं. निळा एक, पिवळे दोन, गोल्डफिश तीन होते ते एक, दोन गुरामी.

त्यांनी कपाळावर हात मारला. "बाईसाहेब, हे कुणी एकत्र ठेवलं?"

"माझ्या मुलानं," आई म्हणाल्या. "पुढं बोला."

"गोल्डफिशला थंड पाणी पाहिजे, तो संथ, त्याची शेपटी लांब. सिक्लिडला वाटतं, हे आपल्याला चावायलाच दिलंय. गुरामीला पाणी मऊ लागतं. आणि सिक्लिड तर खडकातला मासा, त्याला पाणी लागतं एकदम जड. तुमच्याकडं पाणी कसलं?"

हा प्रश्न माझा होता. "बोअरचं. एकूण कठीणपणा चारशे साठ, सामू आठच्या थोडा वर."

रशीदभाईंनी जाळी खाली ठेवली.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. त्या पाण्याला आम्ही रोज शिव्या घालत असू. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, बादलीला पांढरी पुटं चढत.

"अहो मॅडम, असं पाणी करायला लोक माझ्याकडून क्षारांच्या पुड्या नेतात!" ते जवळजवळ ओरडले. "तुमच्या नळाला तर आफ्रिकेतलं तळं येतंय! आणि त्यात तुम्ही गोल्डफिश ठेवता?"

मला हसूच फुटलं. आईंकडे बघितलं, तर त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी पुढचा प्रश्न असा विचारला की रशीदभाई चपापले.

"मला सांगा, हा निळा थोड्या माशांत जास्त मारतो, की घोळक्यात?"

"थोड्यांत, बाईसाहेब. दोन-तीनच असले की एकाच्याच मागं लागतो आणि जीव घेतो. पंधरा-सोळा असले की कुणाकुणाच्या मागं लागणार? राग वाटला जातो."

"बघ!" आईंनी माझ्या दंडावर चापट मारली. "वर्गात हेच असतं. मारकुट्या पोराला एकट्या गरीब पोराशेजारी बसवलं की संपलं. भरल्या बाकावर बसवायचं!"

पुढचा दीड तास आम्ही त्या दुकानात होतो. निळ्याला त्याच्याच जातीच्या चार माद्या, म्हणजे नर एकटाच. पिवळ्यांची जोडी होती, तिला आणखी चार माद्या, कारण पिवळे त्यातल्या त्यात शांत. तांबूस रंगाचे चार. आणि तळाला राहणारा, अंगभर ठिपके असलेला एक मिशाळ मासा, जो उलटा होऊनही पोहतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. मला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक भारी आवडला होता. काचेला नाक लावून बघत होते.

"तो नको," रशीदभाई म्हणाले. "दिसतो देखणा, पण तुमचा निळा त्याच्यापुढं संत वाटेल."

"पण सुंदर आहे हो."

"वैजयंती," आई म्हणाल्या, "दोन पुढारी एका वर्गात नकोत. चल."

गोल्डफिश आणि गुरामी पुढच्या आठवड्यात रशीदभाईंकडे परत गेले आणि ठरवलेले मासे पिशव्यांतून घरी आले. उन्मेषला आम्ही एवढंच सांगितलं की बघतोय.

मासे सोडण्याआधी आईंनी आणखी एक गोष्ट केली. निळ्याला आणि पिवळ्यांना बादलीत काढायला लावलं, आणि टाकीतली सगळी मांडणी मोडली. कुंडलिका नदीच्या पात्रातून आणलेले दगड आम्ही धुऊन, उकळून ठेवले होते. ते रचून आम्ही कपारी केल्या, गुहा केल्या, बोळ केले.

"का पण?" मी विचारलं. "आहे तेच राहू देऊ की."

"अगं, जुनी जागा त्याला आपली वाटते. नवे आले की त्यांना हाकलणार. आता कुणाचीच जागा नाही. सगळ्यांचा पहिला दिवस." त्यांनी आणखी एक दगड उचलला. "दरवर्षी जूनमध्ये मी बाकं फिरवत असे."

पिशव्या उघडल्या. सगळे एकदम आत. आम्ही श्वास रोखून बसलो. निळा गोंधळला. इकडे धावला, तिकडे धावला. एका तांबूस माशाच्या मागे लागला, तो दगडात शिरला. मग पिवळीच्या मागे, तोवर समोरून दुसरी गेली. तिच्या मागे वळला, तर आणखी दोन. पाच मिनिटांत तो दमला. मधोमध उभा राहून कल्ले हलवत राहिला.

"दमला! मॉनिटर दमला!" आई टाळ्या पिटत ओरडल्या. त्या दिवसापासून त्याचं नाव मॉनिटर पडलं.

त्यानंतर घरातलं बोलणं कसं वाढलं ते कळलंच नाही. ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आत आई सुरू. कुणी कुठली गुहा घेतली, कोण कुणाला बिथरवतं, कोण फक्त आव आणतं. मी दर शनिवारी पाणी तपासून वहीत आकडे लिहायची, आई शेजारी "स्वभाव" लिहायच्या. दीड महिन्यात एकही मासा मेला नाही. कुणाच्या परालासुद्धा चीर नव्हती.

आणि सप्टेंबरच्या शेवटी रशीदभाईंचा फोन आला. औरंगाबादला हौशी मत्स्यपालकांचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरत होतं, ऑक्टोबरच्या मध्यात. त्यात एक स्पर्धा मिश्र टाकीची होती. तीन किंवा जास्त जातींचे मासे दोन दिवस एकत्र, कुणी जखमी होता कामा नये.

"सगळे टेट्रा, मॉली असले गरीब मासे आणतात," ते म्हणाले. "सिक्लिड घेऊन यायची आजवर कुणाची छाती झाली नाही. तुम्ही आणा, मॅडम."

मी रिसीव्हरवर हात ठेवून आईंना सांगितलं.

"हो म्हण," त्या म्हणाल्या. "विचारतेस काय? हो म्हण!"

त्याच आठवड्यात एका पिवळीनं खाणं सोडलं. दाणे टाकले की सगळे वर झेपावत, ही मागे. घशाखाली फुगवटा आला. मी घाबरले, पाणी दोनदा तपासलं, सगळं ठीक. आई मात्र दुपारभर भिंग घेऊन काचेला चिकटून बसल्या होत्या.

"ती चूळ भरल्यासारखं करते," त्या म्हणाल्या. "सारखं. तोंडात काहीतरी आहे तिच्या."

रशीदभाईंना फोन केला. ते खदखदून हसले. "मुबारक हो! अंडी आहेत तोंडात. या जातीच्या माद्या अंडी तोंडातच सांभाळतात. तीन आठवडे. खाणार नाही, घाबरू नका. फक्त तिला जाळीनं धरू नका. घाबरली की थुंकून टाकते, आणि मग पिल्लं गेली."

आम्ही दिवस मोजले. प्रदर्शनाचा पहिला दिवस म्हणजे अठरावा-एकोणिसावा.

"तिला ठेवून जाऊ," मी म्हटलं.

"कुणाच्या भरवशावर? आणि ती नसली की वर्ग बिघडेल."

शेवटी रशीदभाईंनी युक्ती सांगितली. तिला जाळीनं न धरता पाण्याखालीच प्लास्टिकच्या बरणीत हळूच वळवून घ्यायचं, भोवती वर्तमानपत्र गुंडाळायचं, म्हणजे अंधारात ती शांत राहते. टेंपोत ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी बसलो. टाकी, दगड आणि घरच्या पाण्याचे कॅन मागे. ती बरणी सबंध रस्ता आईंच्या मांडीवर होती. प्रत्येक खड्ड्याला त्या ड्रायव्हरला म्हणत, "बाळा, सावकाश."

सभागृहात आमच्या टाकीभोवती दुपारपर्यंत गर्दी जमली. "हे मारत नाहीत?" "एवढे कसे मावले?" आई वर्ग घ्यावा तशा सगळ्यांना सांगत होत्या. मी मागे उभी होते. अनोळखी लोकांत मला बोलणं जमत नसे. पिवळी एका कपारीत बसली होती, चुळा भरत.

चार वाजता परीक्षक आले. मोहरीर त्यांचं नाव. उंच, सफारीतले, घाईतले. त्यांनी सगळी टाकी निरखली, मान डोलावली. मग कपारीपाशी थांबले.

"हिच्या घशाला सूज आहे. संसर्ग दिसतोय. ही बाहेर काढा."

"आजारी नाही ती," आई म्हणाल्या. "तोंडात पिल्लं आहेत."

"बाई, मी वीस वर्षं मासे पाळतोय. नियम स्पष्ट आहे. आजारी मासा टाकीत नको." त्यांनी सोबतच्या माणसाला खूण केली. "जाळी घ्या."

तो माणूस जाळी घेऊन पुढे आला. मी आईंकडे बघितलं. वाटलं, त्या आता शाळेतल्या आवाजात बोलतील, सगळं थांबेल. पण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

जाळी टाकीच्या काठावर आली. मी मधे गेले. कशी गेले ते आठवत नाही. एका हातानं झाकण दाबून धरलं.

"हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"मग नाव कापावं लागेल."

"कापा. पण जाळी आत जाणार नाही."

माझा आवाज चिरकला होता. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मोहरीरांनी माझ्याकडे बघितलं, कागदावर काट मारली आणि पुढच्या टाकीकडे गेले. माझ्या आतून असं काही उसळत होतं की ओरडावंसं वाटत होतं.

आईंनी मला खुर्चीवर बसवलं, पाण्याची बाटली दिली. "पी," एवढंच म्हणाल्या.

स्पर्धेतून बाहेर होतो, पण तिला लगेच परत हलवणं धोक्याचं. म्हणून टाकी तिथंच ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, एक बाई किंचाळली. "अगं बाई! तोंडातनं पडलं काहीतरी!"

आम्ही धावलो. पिवळी कपारीच्या तोंडाशी होती. तिनं जबडा उघडला, आणि तांदळाच्या दाण्याएवढं एक पिल्लू बाहेर आलं. मग आणखी एक. मग तीन एकदम! इवलीशी पिवळट, नुसते डोळेच डोळे. पडली तशी दगडांच्या फटींत पसार. मॉनिटर वळून आला, पिवळीनं त्याच्यावर अशी झेप घेतली की तो मागे सरला.

"मॉनिटरला पळवलं!" आई ओरडल्या. "बघितलंस? पळवलं त्याला!"

सबंध सभागृह आमच्याकडे लोटलं. पोरं खांद्यांवर चढली. लोक मोठ्यानं मोजत होते, सात, आठ, नऊ. रशीदभाई दुकान सोडून आले होते, ते दोन्ही हात वर करून लोकांना मागे सारत होते, "काचेला हात नको! बाळंतघर आहे हे!" अकरा, बारा. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. चौदा मोजली आम्ही.

गर्दीतून मोहरीर पुढे आले. वाकले. बराच वेळ वाकून बघत राहिले. चष्मा काढून काचेला डोळा लावला.

"मी ही जात कधी पाळली नाही," ते शेवटी म्हणाले. "चूक झाली माझी. पण नाव आता परत घालता येत नाही."

"आम्ही कुठं मागितलं?" आई म्हणाल्या. "या इकडून बघा. इकडून दोन दिसतात."

ते खरंच इकडून आले आणि अर्धा तास हलले नाहीत.

पिल्लं दगडांसकट एका वेगळ्या डब्यात घेऊन आम्ही संध्याकाळी परतीला लागलो. पहिलं बक्षीस कुणाच्या तरी टेट्रांना गेलं होतं. डबा आता माझ्या मांडीवर होता. बदनापूर मागे पडलं तरी मी बडबडत होते. पिल्लांना काय खायला घालायचं, दुसरी टाकी कुठे ठेवायची, कोणत्या भिंतीला. बोलता बोलता एकदम थांबले. दिवाळीला बारा दिवस राहिले होते.

आई म्हणाल्या, "काल मी मुद्दाम बोलले नाही."

"का?"

"तुला नाही म्हणता येतं का, ते बघायचं होतं मला. दीड वर्षात एकदाही ऐकलं नव्हतं." त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या. "चंद्रपूरला जायचंय तुला?"

मी डब्याचं झाकण धरून बसले होते. "नाही," मी म्हणाले. "नोकरी सोडायची नाही मला. मला ते काम आवडतं. पण म्हटलं, तुम्हाला परभणीला जायचंय, लेकीकडे. मी कशाला मोडता घालू."

"मला?" आई गर्रकन वळल्या. "मला कुठं जायचंय परभणीला? ते जावई दिवसभर टीव्ही लावतात. मी म्हटलं, पोरीला नवऱ्याकडे जायचं असेल, म्हातारीनं आड यायला नको."

ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज बारीक केला. त्यालाही ऐकायचं असावं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसायला लागलो. असं हसलो की डब्यातलं पाणी डुचमळलं आणि आईंनी घाईनं हात लावून तो सावरला.

पुढच्या रविवारी उन्मेषचा फोन आला. राजीनामा दिला का, सामान कधी बांधणार, ट्रक बघू का. मी सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं. पहिल्यांदा आवाज कापला, नंतर नाही.

"आईला दे," तो म्हणाला.

आईंनी रिसीव्हर घेतला. "तिनं सांगितलं ना? मग मी वेगळं काय सांगू?" आणि परत माझ्या हातात दिला.

मला त्याची दयाही आली. तो वाईट माणूस नव्हता, त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं.

"मग मी काय करू इथं?" तो म्हणाला.

"बदलीसाठी अर्ज करा. लागेल वर्ष, दोन वर्षं. मी सुट्टी काढून येत जाईन. आम्ही इथंच आहोत."

"दोघी?"

आई शेजारीच उभ्या होत्या, कान देऊन.

"दोघी," मी म्हणाले.